काठशाळेत बसलेली मेंढरं

माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर मला एकच भेट दिली. ती शंभरेक मेंढ्यांची होती, आणि फक्त एका रात्रीपुरती.

ही भेट मी मागितली नव्हती. (जावयाने काही मागितलं की सासरे ऐकून घेतात, विचार करतो म्हणतात आणि विसरतात. न मागितलेलं मात्र रातोरात हजर होतं!) त्या एका भेटीने माझी रोजीरोटी, माझी अब्रू आणि एका टिटवीचा संसार अशी तिन्ही एकाच सकाळी टांगणीला लागली.

आधी मी कोण ते सांगतो. मी प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. परभणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. बेडकाचं हृदय फळ्यावर झकास काढणाऱ्या पोरांना खिडकीबाहेरचा बगळा ओळखता येईना, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी कॉलेज सोडलं आणि गोदावरीच्या काठी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गंगेच्या काठी, शाळेच्या पोरांसाठी एक केंद्र काढलं. काठावरची शाळा म्हणून नाव काठशाळा. एक पत्र्याचं शेड, एक कडुलिंबाचं झाड आणि मागे नदीपर्यंत उतरत गेलेलं गवताळ रान, एवढाच आमचा पसारा. पोरांनी यायचं, पाण्यात जाळी टाकून किडे बघायचे, चिखलातले ठसे ओळखायचे, पक्ष्यांच्या मागे गुपचूप फिरायचं. पुस्तक आणलं तर परत पाठवायचो.

रान सासऱ्यांचं होतं. बाबाराव त्यांचं नाव. मी त्यांना मामा म्हणतो. गंगाखेड-पालम रस्त्यावरच्या त्यांच्या जमिनीचा हा नदीकडचा तुकडा त्यांनी मोठ्या मनाने मला दिला, आणि मी त्यात गवत वाढवलं. मुद्दाम! पवन्या, मारवेल, कुसळी, जे उगवेल ते उगवू दिलं. गावातल्या दोन-चार पोरांनी वर्षभर एकेक गवत ओळखून त्यापुढे लाकडी पाट्या रोवल्या. माझा ऊर अभिमानाने भरून यायचा. मामांना मात्र गावात तोंड दाखवायची चोरी झाली. ज्याच्या रानात गवत वाढलं, त्याच्या घरात दुखणं तरी आहे नाहीतर भावाभावांत भांडण तरी, असा आमच्याकडचा सरळ हिशोब.

"काय बाबाराव, जावायानं रान पडीक पाडलं म्हनं?" चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच.

"शाळा हाय ती," मामा म्हणायचे आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे.

शाळा होती खरी, पण त्या दोन-चारांपलीकडे तिला पोरं नव्हती. कधीतरी एखादी सहल यायची, भेळ खाऊन जायची. अखेर आमच्या भागातल्या शाळांचे केंद्रप्रमुख जाधव सर माझ्या फोनला कंटाळून तयार झाले. मे महिन्यातल्या एका सकाळी ते आपल्या हाताखालचे सगळे मुख्याध्यापक जीपमध्ये घालून आणणार होते. त्यांना जागा पटली तर जूनपासून प्रत्येक शाळा पाळीपाळीने पोरं पाठवणार. नाही पटली तर माझ्या मेव्हण्याच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्याशेजारी एक खुर्ची रिकामी होती. बायकोला, म्हणजे मीराला, मी तसा शब्दच दिला होता. त्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं ठाऊक आहे? तणनाशक! गवत जगवणाऱ्या माणसाने आयुष्यभर गवत मारायचं औषध विकायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

माझा हुकमाचा एक्का होता टिटवी. गवत संपून गोटे सुरू होतात तिथे, उघड्यावरच, तिने चार अंडी घातली होती. गोट्यांत गोट्यासारखीच दिसणारी. मी कापसाच्या पऱ्हाट्यांचा एक आडोसा बांधला होता. त्यामागे मुख्याध्यापकांना बसवायचं, अंडी दाखवायची, आणि नशीब असेल तर फुटताना दाखवायची, असा बेत होता. अंडी फुटायला आली होती. जाधव सरांना मी फोनवर रंगवून सांगितलं होतं, "सर, चार अंडी आहेत, चार!"

आदल्या संध्याकाळी मामांकडे जेवताना मी विषय काढला.

"मामा, उद्या जाधव सर येणार आहेत. सगळे हेडमास्तर घेऊन."

"कशाला?"

"आपली जागा बघायला."

मामांचा घास हातातच राहिला. "आपलं रान बगायला?"

"हो. नदी, गवत, सगळं."

"ते गवत बगनार?"

"तेच तर बघायचंय त्यांना!"

मामांनी मीराकडे बघितलं. मीराने ताटाकडे बघितलं. मग मामा पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमी बिलकुल फिकर करू नका पाव्हणं. मी हाय ना."

मी घरी जाऊन गाढ झोपलो. सासऱ्याच्या तोंडून असं वाक्य ऐकल्यावर झोपू नये, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

सकाळी मोटारसायकलवर मी, मागे मीरा, तिच्या मांडीवर पाहुण्यांसाठी पोह्यांचा डबा. वळणावरच वास आला. मीरा म्हणाली, "अहो, मेंढरांचा वास येतोय." मी म्हणालो, "नदीकाठ आहे, काहीही येतं." आणि पुढच्याच क्षणाला गाडी उभी केली, कारण पुढे रस्ता होता पण माझं रान नव्हतं. तिथे लोकर होती! जाळीच्या कुंपणात या कडेपासून त्या कडेपर्यंत मेंढरंच मेंढरं बसली होती, रवंथ करत होती, आणि लिंबाखाली बाजेवर मामा बसले होते. चेहरा असा, की घरात लग्न आहे.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"मामा... गवत?"

"खाल्लं!" मामा आनंदाने म्हणाले. "एक काडी न्हाई ठिवली. बगा कसं सपाट दिसायलंय!"

सपाट दिसत होतं खरं. पोरांनी रोवलेल्या पाट्या तेवढ्या ताठ उभ्या होत्या. पवन्या. मारवेल. कुसळी. आणि प्रत्येक पाटीपुढे लेंड्या!

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर रानात मुक्काम करतो, लेंड्या-मूत जमिनीत जातं, आणि पुढच्या पिकाला जोर येतो. त्यासाठी कळपवाल्यांना कितीतरी आधी सांगून ठेवावं लागतं, पाळी धरावी लागते. मामांनी आपल्या कापसाच्या रानाची पाळी सोडली होती आणि मेंढरं माझ्या गवतावर बसवली होती. साहेब लोकांपुढे जावयाचं रान पडीक दिसू नये म्हणून! मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी मायाही वाटत होती. अशा वेळी माणूस काय बोलतो? मी म्हणालो, "वा."

"बाबा!" मीराने कपाळाला हात लावला. "टिटवी कुठंय?"

"हाय की. मधीच हाय. रातभर वरडली, कोंडाबाईला झोप न्हाई."

कोंडाबाई म्हणजे कळपाची मालकीण. ती चुलीपाशी बसून मिश्री लावत होती. कळपाच्या मध्यातून टिटवीचा आवाज येत होता, पण लोकरीच्या डोंगरात ती दिसत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे फुटलेली चार अंडी आली. मी जाळीवर पाय टाकला. आतून एक कुत्रा उठला. तो भुंकला नाही, नुसता उठला. मी पाय काढला.

"त्याला शिकल्याला मानूस आवडत न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

"बाई, मधे अंडी आहेत हो! मेंढरं तुडवतील!"

"मेंढरू अंड्यावर पाय देत न्हाई मास्तर."

"कशावरून?"

"दिला आसता तर ती वरडली कशाला आसती? रडली आसती."

या युक्तिवादाला प्राणिशास्त्रात उत्तर नाही. मी हात जोडले. "कळप उठवा. पाहुणे येतच असतील."

"कोकरं पिल्याबिगर मी उठवत न्हाई. उपाशी कोकरू चालत न्हाई, मला खांद्यावर घ्यावं लागतंय. तुमी घ्याल का?"

मी घड्याळ बघत होतो, मीरा रस्ता बघत होती, आणि कोकरं सावकाश, शेपट्या हलवत, दुनियेला कसलीच घाई नसल्यासारखी पीत होती. तेवढ्यात लांबवर धुरळा उडाला. जीप! मग माझा धीर सुटला. कुत्रा पलीकडच्या कडेला गेलेला बघून मी अलीकडची मेख उपटली आणि जाळी खाली टाकली. म्हटलं, जातील नदीकडे.

मेंढरं नदीकडे का जातील? त्यांना रस्ता दिसला! एक उठलं, मागून दुसरं, आणि मग सगळा कळप माझ्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागला. "आरं, मास्तरनं जाळी पाडली!" कोंडाबाई ओरडत धावली. कुत्रा तिच्या मागे. मामा काठी घेऊन त्याच्या मागे. समोरून जीप आली आणि मेंढरांत रुतली. हॉर्न वाजला. हॉर्नने मेंढरं बिथरली आणि अर्धी जीपखाली घुसायला लागली. शेवटी जीपची दारं एकेक करून उघडली आणि आमच्या भागातलं सगळं शिक्षण पायउतार झालं.

सगळ्यांत पुढे जाधव सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात उंच धरलेला मोबाईल, मेंढरांतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आले.

"हेच का ते केंद्र?"

"हो सर. या." माझं भाषण पाठ होतं. घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलं थांबवता येत नाही, म्हणून मी उजाड जमिनीकडे हात करून ते तसंच म्हणून टाकलं, "आपल्यासमोर आहे मराठवाड्याचं अस्सल नैसर्गिक गवताळ रान!"

मुख्याध्यापकांनी त्या दिशेने बघितलं. एकाने चष्मा पुसला.

"कुठंय?"

"होतं," मी म्हणालो.

मामा मागून मोठ्याने म्हणाले, "साहेब, मेंढरं बसवलीत! आता बगा रानाला कसा जोर येतोय!" आणि माझी खुर्ची, ती गल्ल्याशेजारची, मला स्पष्ट दिसायला लागली.

पण कळप पांगला होता, आणि पांगता पांगता त्याने मधली जागा मोकळी केली होती. गोट्यांत टिटवी उभी होती. पंख पसरलेले, छाती पुढे काढलेली. मागे राहिलेली दोन मेंढरं तिच्या अंगावरून गेली असती, पण ती एवढ्याशा पायांवर त्यांच्या थोबाडावर धावून गेली, आणि मेंढरं निमूटपणे वळसा घालून निघून गेली. सगळे हेडमास्तर जागीच थांबून बघायला लागले.  रात्रभर तिने हेच केलं असणार. मला तिचे पाय धरावेसे वाटले.

"अंडी सलामत हायेत का?" जाधव सरांनी हळूच विचारलं.

मी दुर्बीण लावली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजली. "तीन."

"तीनच?" जाधव सरांचा आवाज बदलला. "फोनवर चार म्हनला होता तुमी!"

"चारच होती सर!"

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानातून साफ निसटली होती. समोर उभे होते ते मुख्याध्यापक दिसत होते, पण प्रत्येकाची गावाकडे शेती होती. आणि टिटवी जितकी अंडी घालते तितके महिने पाऊस पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. (मी पोरांना हे खरं नाही म्हणून शिकवतो. घरी मीच मीराला विचारून बसतो, यंदा किती आहेत गं?) मी चार अंडी सांगितली ती निसर्गशिक्षणासाठी, आणि जाधव सरांनी ती साऱ्या शाळांत सांगितली ती पेरणीसाठी! ही जीप माझं केंद्र बघायला आलीच नव्हती. ती पावसाची खात्री करायला आली होती.

"मंग एक महिना गेला कुठं?" एक हेडमास्तर कळवळून म्हणाले.

"सप्टेंबर गेला," दुसरे म्हणाले. "सोयाबीन भरायच्या टायमालाच दगा!"

तिसऱ्यांनी तर फोनच लावला. "हॅलो, बियाणं आणू नको. थांब म्हनलं ना! हितं महिना कमी भरायलाय."

"मेंढरानं फोडलं आसंल," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या मेंढराचं नाव घ्यायचं न्हाई!" कोंडाबाई कमरेला पदर खोचून पुढे आली. "फोडलं आसंल तर टरफल दावा!"

"हा, टरफल शोधा," मामा म्हणाले. "मेंढरं मी बसवलीत. माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

आणि बघता बघता आमच्या भागातले सगळे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, माझे सासरे आणि कोंडाबाई गुडघ्यावर बसून गोट्यांत सरकायला लागले. टिटवी वेडीपिशी होऊन सगळ्यांच्या डोक्यांवरून घिरट्या घालायला लागली. मी मधे उभा, आणि मला एकदम घाम फुटला. टरफल मिळणारच नव्हतं. अंडं कोणी फोडलं नव्हतं, त्यातून पिल्लू निघालं होतं! टिटवी टरफल उचलून लांब टाकते. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतं, आणि आई ओरडली की जिथे असेल तिथे जमिनीला चिकटून पडतं. रंग गोट्याचा. आकार अंड्याएवढाच. आणि त्याच्या आजूबाजूला इतके गुडघे!

"थांबा!" मी किंचाळलो. "कोणीही हलू नका! पिल्लू बाहेर आलंय, पायाखाली येईल!"

सगळे होते तसे थिजले. जाधव सर ओणवे, एक हात हवेत. दोन हेडमास्तर एकमेकांच्या खांद्याला धरून. मामा मांडी घालायच्या बेतात, पण मांडी पूर्ण न झालेली. मीरा शेडपाशी पोह्यांचा डबा घेऊन. मे महिन्याचं ऊन वर यायला लागलं होतं.

"कवर आसं?" जाधव सरांनी ओठ न हलवता विचारलं.

"टिटवी शांत होईपर्यंत."

"ती कवा शांत व्हती?"

"आपण इथून गेल्यावर."

"मंग जाऊ का?"

"हलू नका!"

"आवो, मंग जायचं कसं?"

याचा मी विचार केला नव्हता. कोणी खाकरलं तरी टिटवी ओरडायची, आणि ती ओरडली की पिल्लू अजून चिकटून बसणार. एका हेडमास्तरांच्या टकलावरून घामाचा ओघळ नाकावर आला होता आणि ते त्याच्याकडे तिरळे होऊन बघत होते. पण कोणी हललं नाही. सप्टेंबरचा पाऊस त्या गोट्यांत कुठेतरी लपून बसला होता, त्याच्यावर पाय देण्याची हिंमत कोणाची होणार?

पण मी एम.एस्सी.! मला वाटलं, बाकीच्यांनी हलू नये हे ठीक, जाणकाराला हरकत नाही. मी वाकून, डोळे बारीक करून, अलगद एक पाऊल टाकलं. सोबत समजावूनही सांगत होतो. "सर, याला संरक्षक रंगसंगती म्हणतात. अडाणी माणसाला पिल्लू दिसत नाही, पण सवयीची नजर असली की..." आणि डावा पाय उचलला.

"अहो, पाय!" मीरा ओरडली. "पायाखाली!"

मी खाली बघितलं. उचललेल्या पायाच्या सावलीत, अगदी चपलेच्या खाली, एक गोटा धडधडत होता. उन्हाने तापलेलं ते बिचारं टिटवी मधे जरा थांबली तेव्हा माझीच सावली गाठून बसलं होतं.

पाय खाली ठेवता येईना. पुढे टाकावा तर दुसऱ्या पायाला तोल नाही, मागे न्यावा तर सावली हलणार आणि ते कुठे पळेल याचा नेम नाही. मी एका पायावर उभा राहिलो. पोटरी थरथरायला लागली. खरं सांगतो, तेव्हा मला शाळा आठवली नाही, खुर्ची आठवली नाही, हेडमास्तर आठवले नाहीत. रात्रभर त्या आईने शंभर मेंढ्यांपासून जे वाचवलं ते मी, निसर्गशिक्षक, चपलेखाली घालणार, एवढंच डोक्यात होतं. डोळ्यांत पाणी आलं.

"दम धरा पाव्हणं," मामा अर्धवट मांडीतून पुटपुटले. "दम धरा."

"नदीकडं बगा मास्तर," कोंडाबाई कुजबुजली. "पायाकडं बगू नका, तोल जाईल."

मी नदीकडे बघितलं. दोन्ही हात आपोआप बाजूला पसरले. सगळीकडे अशी शांतता पसरली की लांब गेलेल्या मेंढरांची घुंगरं ऐकू आली. त्या शांततेत टिटवी खाली उतरली. ओरडायची थांबली. दोन पावलं चालली, थांबली, आमच्याकडे बघितलं, आणि अगदी बारीक आवाजात काहीतरी म्हणाली. माझ्या पायाखालचा गोटा उठला. काडीसारख्या दोन पायांवर धडपडत, एकदा पडत, तो तिच्याकडे पळाला आणि तिच्या पोटाखाली दिसेनासा झाला.

"चार," जाधव सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चार महिने पक्के."

आणि मी धाडकन लेंड्यांत आडवा झालो.

सगळे जपून, मागच्या पावली, शेडपर्यंत आले. पोहे गार झाले होते, पण हेडमास्तरांनी डबा पुसून खाल्ला. त्यातल्या एकाने घरी फोन करून बियाणं आणायला सांगितलं. मामा प्रत्येकाला पाणी देत, "रान चांगलं दिसलं ना साहेब?" म्हणून विचारत होते. मी कपडे झटकत निकालाची वाट बघत होतो. जीपमध्ये बसताना जाधव सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जूनपासून पोरं पाठवतो. सगळ्या शाळांची."

माझा कानांवर विश्वास बसेना. "सर! गवत परत वाढवतो, किडे दाखवतो, ठसे..."

"ते दावा तुमच्या सवडीनं," ते म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. तो हवेतला हात उगीच हवेत नव्हता. सगळं चित्रित झालं होतं. पडद्यावर मी होतो. हात पसरलेले, मान ताणलेली, एक पाय वर. "पण हे मात्र दर खेपेला पोरांना करून दाखवायचं. आमच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांना लय आवडलंय."

तेव्हापासून दर आठवड्याला एक शाळा येते. नदी बघतात, किडे बघतात, आणि मग सगळी पोरं लिंबाखाली गोल करून बसतात, गप्प होतात आणि माझ्याकडे डोळे लावतात. मी डावा पाय उचलतो. एवढं प्राणिशास्त्र शिकलो, आणि शेवटी पोटाला लागलो तो प्राणी म्हणूनच!